खूबदादांच्या पुस्तकांवरची नावं

ता. ९ जून, सोमवार. काम: खूबदादांचा गाळा रिकामा करून संध्याकाळपर्यंत किल्ली मालकाला देणे.

आदल्या दिवशी त्यांच्या मुलीचा, कांताचा, इंदूरहून फोन आला होता. "आंटी, जो रखना है आप रख लो, बाकी रद्दी में दे दो. मैं यहाँ बैठे क्या करूँ." तिचं चुकीचं नव्हतं. वडील फेब्रुवारीत गेले, गाळा भाड्याचा, आणि मालकाला तिथे मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आणायचं होतं. मी ओढणी कमरेला बांधली, दोन रिकामी पोती घेतली आणि शटर वर केलं. आठ महिने कोंडलेला वास बाहेर आला. जुना कागद, खळ, पेन्सिलीचं लाकूड. आत पुस्तकं होती तशीच होती, जमिनीपासून छतापर्यंत, आणि मधे माणूस बसेल एवढी फट. त्या फटीत त्यांची उशी होती, बसून बसून मधे खड्डा पडलेली.

उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातल्या त्या गल्लीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे, दादांच्या गाळ्याला लागून. मधली भिंत एका विटेची. सोळा वर्षं मी अंबरनाथहून शेअर रिक्षाने येत होते आणि सोळा वर्षं ते माझ्या आधी येऊन बसलेले असायचे. नाव खूबचंद. आमच्यात दादा म्हणजे मोठा भाऊ, नाहीतर गल्लीतला गुंड. सिंध्यांत कोणत्याही मानाच्या माणसाला दादा म्हणतात. ते सगळ्यांचे दादा होते. जुनी शाळा-कॉलेजची पुस्तकं घ्यायचे आणि विकायचे.

पहिल्याच दिवशी ते माझ्या काउंटरपाशी येऊन उभे राहिले. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, कानाला दोरीने बांधलेला चष्मा.

"भगिनी," ते म्हणाले, "आपले यंत्र फार आवाज करते. कृपया त्याखाली एक घोंगडी अंथरावी."

मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. गल्लीत सगळे 'क्या मॅडम, एक झेरॉक्स मारो ना' असं बोलणारे. मराठी पोरंसुद्धा अर्धं हिंदीच. आणि हा सिंधी माणूस छापल्यासारखं बोलतोय.

"दादा, बहिणीला भगिनी कोण म्हणतं हल्ली?"

"इयत्ता पाचवी," ते म्हणाले. "पाठ चौथा."

मग कळलं. त्यांचं मराठी दुकानातल्या पुस्तकांतून आलेलं होतं. ते चौथीपर्यंत शिकले, तेही सिंधी शाळेत, निर्वासितांच्या बराकीतल्या. पुढे वडिलांबरोबर रद्दीच्या तराजूवर बसले. तराजूवर येणारी पुस्तकं वाचत गेले. पहिलीचं मराठी पुस्तक वाचलं तेव्हा ते लग्नाचे होते. दहावीच्या पुस्तकापर्यंत पोचायला त्यांना बारा वर्षं लागली, कारण पुस्तकं क्रमाने येत नव्हती आणि ते क्रम सोडून वाचायला तयार नव्हते. सातवीचं पुस्तक दोन वर्षं आलंच नाही. दोन वर्षं सहावीत काढली, असं ते सांगायचे, नापास झालेल्या मुलाने सांगावं तसं.

पुस्तकांतून भाषा आली की तिच्यासोबत स्वाध्यायही येतात. गिऱ्हाइकाने लांबण लावली की दादा हात वर करायचे. "एका वाक्यात उत्तर द्या." कुणी म्हणालं, हे पुस्तक नको, तर "कारणे द्या." पोरं हसायची, पण उत्तरं द्यायची. राग आला की मात्र मराठी संपायचं आणि सिंधी सुरू व्हायचं. ते मी दोनदाच ऐकलं.

शुक्रवारी आमच्याकडे वीज जाते. माझं मशीन बंद, समोरच्या जीन्सच्या कारखान्यातली शिलाई मशीनं बंद, पंखे बंद. एरवी त्या गल्लीत शेजारी काय बोलतो ते ऐकू येत नाही. शुक्रवारी दुपारी मात्र नाल्याचं पाणी वाहतानाही ऐकू यायचं. कापड धुतलेलं पाणी, कधी निळं, कधी काळपट. अशा वेळी दादा दारात उशी ओढून मोठ्याने वाचत. बहुतेक सहावीचा भूगोल. बर्फाळ प्रदेशातले लोक काय खातात, कशावरून प्रवास करतात, त्यांची घरं कशी गोल असतात. शिलाईवाले कारागीर पायऱ्यांवर येऊन बसायचे. बिहारचे, नांदेडचे, कुठकुठचे. अंगाला निळे धागे चिकटलेले. त्यांना मराठी किती कळायचं देव जाणे. उन्हाने पत्रे तडतडत असायचे आणि गल्लीभर बर्फ पडत असायचा. मी पावती पुस्तकांना शिक्के मारायचं काम त्या वेळेसाठी ठेवायचे, पण शिक्का हातातच राहायचा. वीज आली की सगळी मशीनं एकदम ओरडायची आणि दादा ओळीवर बोट ठेवून पुस्तक मिटायचे, पुढच्या शुक्रवारसाठी.

त्यांची एक रीत होती. पुस्तकाच्या पहिल्या पानावर आधीच्या मुलाचं नाव असतं, ते दुसरे दुकानदार फाडतात किंवा त्यावर कागद चिकटवतात. दादा कधीच नाही. उलट, विकत घेणाऱ्याने त्या नावाखाली आपलं नाव लिहायचं, मगच पुस्तक मिळायचं. पाच-पाच, सात-सात नावांची रांग असलेली पुस्तकं होती. तीच गोष्ट पेन्सिलीच्या खुणांची. महागड्या क्लासला जाणाऱ्या मुलांची पुस्तकं म्हणजे दादांना सोनं. त्यांत समासात सरांनी सांगितलेलं असतं, कुठला प्रश्न येतो, कुठली व्याख्या पाठ करायची. ती पुस्तकं ते वेगळ्या फळीवर ठेवायचे आणि ज्याच्या घरी क्लासची सोय नाही त्यालाच द्यायचे. घरची सोय ते कशी ओळखायचे? पायांकडे बघून. मी हसले तर म्हणाले, "चप्पल खोटे बोलत नाही, भगिनी."

मला ती चप्पल बघायची गरज नव्हती. माझ्याकडे उत्पन्नाचे दाखले यायचे. जून महिन्यात कुणाच्या घरात काय आहे हे माझ्याइतकं तलाठ्यालाही माहीत नसेल. काही मुलं दाखल्याच्या दहा प्रती काढतात, प्रत्येक दारात एक द्यायला. काहींना दाखलाच लागत नाही. त्यांचे वडील गाडीतून न उतरता विचारतात, कलर प्रिंट मिळेल का.

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. त्यांच्याकडचं पुस्तक बघायचं आणि माझ्याकडे येऊन त्याची झेरॉक्स काढायची, असं पोरं करायची. मला धंदा, त्यांना नुकसान. पण त्यांचं दुखणं ते नव्हतंच.

"झेरॉक्सला पहिले पान नसते," ते म्हणायचे. "मुले ते पान वगळतात. मग ते पुस्तक कोणाचेच नसते."

"अहो, अभ्यास होतो ना? मग झालं."

"ज्यांच्या घरात डॉक्टर, वकील असतात, त्यांच्या मुलांना मागे वळून पाहिले की कोणीतरी दिसते. आमच्या गिऱ्हाइकाला मागे कोण दिसते? म्हणून नावे. नावे पाहावीत आणि म्हणावे, हे सर्व येथून पुढे गेले."

"गेले की नापास झाले, ते कुठे लिहिलंय त्यात?"

त्यांनी चष्म्याची दोरी कानामागे नीट केली आणि उशीवर जाऊन बसले. मला वाटलं, मी जिंकले.

चित्रा आली ती तीन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये. वांगणीहून. बारीक, उंच, वेणी घट्ट. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग बदलापूरला ज्युनियर कॉलेजात सायन्स, सगळं इंग्रजीतून. बारावी सुरू होत होती आणि तिला फार्मसीला जायचं होतं. सरकारी कॉलेजात सीट मिळाली तरच. खाजगी कॉलेजचं नावही घरात काढायचं नव्हतं. तिचे वडील नामदेव, मूळ बारवी धरणाकडच्या पाड्यातले. भाताचं शेत भावांकडे, आणि ते स्वतः वांगणीला एका शेठच्या फार्महाऊसवर राखणदार. आई तिथेच झाडलोट करायची. राहायला मागची खोली.

दादांनी तिच्या चपलेकडे पाहिलं आणि खास फळीवरचा एक पूर्ण संच काढला. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, क्लासच्या नोट्ससकट. समास भरलेले. इंग्रजी शब्दाशेजारी साध्या हिंदीत अर्थ, रोमन अक्षरांत, गोल गोल. अमुक म्हणजे पानी का अंदर-बाहर जाना. चित्रा उभ्या उभ्या वाचायला लागली. वर्षभर जे कळलं नव्हतं ते तिला तिथे, दुकानाच्या पायरीवर कळत होतं, हे मला काउंटरवरून दिसत होतं.

"नाव लिहा," दादा म्हणाले.

तिने पहिलं पान उघडलं. वर एकच नाव होतं. खुशी, आणि पुढे आडनाव. चित्राने पेन खाली ठेवलं.

"नको."

"कारणे द्या."

"ही आमच्या शेठची मुलगी आहे. फार्महाऊसवाल्या. रविवारी येतात ते." तिने पुस्तक मिटलं. "मी हिच्या खाली नाव नाही लिहिणार, दादा. तिथे रोज खालीच असते."

खुशी वाईट मुलगी होती असं नाही. चित्रा नंतर मला म्हणाली होती, ती चॉकलेट आणायची, बोलायचीही नीट. फक्त तिने कधी विचारलं नाही की तू काय शिकतेस.

दादांनी उशीखालून एक पुस्तक काढलं. ते मी तोवर पाहिलं नव्हतं. सिंधी बाराखडीचं, उर्दूसारख्या लिपीतलं, त्यांचं स्वतःचं पहिलीचं. ते उजवीकडून उघडतं. आपण ज्याला शेवटचं पान म्हणू तिथे सुरुवात. त्या पानावर चार नावं होती, चौथं त्यांचं. पाचवं कुणाचं नव्हतं. ती शाळाच पुढे उरली नाही.

"आमचे पुस्तक इकडून सुरू होते," ते म्हणाले. त्यांनी चित्राचं केमिस्ट्री उलटं करून तिच्यासमोर ठेवलं. शेवटचं कोरं पान. "हे पहिले पान आहे. येथे तुमच्या वर कोणी नाही."

तिने नाव लिहिलं. तिन्ही पुस्तकांवर. मी म्हटलं, दादांनी स्वतःचाच नियम मोडला. ते म्हणाले, "मोडला नाही. उलटला."

वर्षभर ती महिन्यातून एकदा यायची, कधी वही घ्यायला, कधी नुसती. बदलापूरला कॉलेज, परत आल्यावर आईबरोबर काम, रविवारी शेठचे पाहुणे आले की भांडी. अभ्यासाला जे तास मिळायचे त्यांत सगळं बसत नव्हतं. पण खुशीच्या पुस्तकांत तिला वाट सापडली होती. काही धड्यांवर तारे काढले होते, ते आधी. काही धड्यांच्या नावाला गोल करून लिहिलं होतं, 'ऑप्शन'. म्हणजे सोडून द्यायचे. मुलं म्हणतातच, हा धडा ऑप्शनला टाकला. एवढ्या मोठ्या क्लासने सोडायला सांगितलेत म्हणजे त्यांत काही येत नसणार, असं तिने धरलं. दादांना विचारलं, तेही म्हणाले, "ती खूण जाणकारांची आहे. विश्वास ठेवा." मला विचारलं असतं तर मीही हेच म्हटलं असतं. आम्हा तिघांपैकी कुणाच्याच घरात असा क्लास कुणी पाहिला नव्हता.

सीईटी झाली. निकाल लागला. चित्रा प्रिंट काढायला माझ्याकडे आली, कागद घडी घालून ठेवला आणि दादांच्या पायरीवर बसली. सरकारी सीट थोडक्यात हुकली होती.

"पुष्कळ प्रश्न त्याच धड्यांवर आले," ती म्हणाली. आवाज सरळ होता. "ऑप्शनवाल्या."

"कोणत्या?"

तिने बोटांवर मोजून सांगितले. केमिस्ट्रीचे चार, बायोलॉजीचे दोन. दादांनी सहाही लिहून घेतले. ती गेल्यावरही तो कागद त्यांच्या हातात होता.

त्यानंतरच्या आठवड्यात गल्लीच्या तोंडाशी पांढरी गाडी थांबली आणि खुशी स्वतः आली. अकरावीची राहिलेली पुस्तकं घेऊन. केस मोकळे, हातात थंड कॉफीचा ग्लास. तोवर तिचं फार्मसीचं पहिलं वर्ष झालं होतं, खाजगी कॉलेजात.

दादांनी तिला स्टूल दिलं. त्या दिवशी ते हिंदीत बोलले, कारण त्यांना नेमकं उत्तर हवं होतं.

"बेटा, एक बात पूछनी थी. ये छह चैप्टर पे ऑप्शन किसने लिखवाया? सर ने?"

खुशी हसली. "नहीं अंकल, सर तो चिल्लाते थे. मैंने ही छोड़ दिया. मेरी सीट तो पक्की थी ना. पापा ने बोला था, बस पास हो जा, बाकी मैं देख लूँगा."

"अच्छा," दादा म्हणाले.

"क्यों अंकल? किसी ने ली क्या मेरी बुक्स?"

"ली," ते म्हणाले. "तुम्हारे घर के पीछे रहती है."

खुशीला ते लगेच कळलं नसावं. ग्लासातला बर्फ तिने एकदा हलवला. "चित्रा?" ती म्हणाली. मग, "उसने मुझसे पूछा क्यों नहीं?" खरोखरच आश्चर्य वाटलं होतं तिला. दादांनी कारणे दिली नाहीत. गाडीचा हॉर्न वाजला आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी दादांनी माझ्याकडून खोडरबरचं पूर्ण खोकं घेतलं. मधल्या भिंतीतून दिवसभर आवाज येत होता, घासण्याचा, एकसारखा, हलका. आयुष्यात पेन्सिलीची एक रेघ न पुसलेला माणूस खास फळीवरचं एकेक पुस्तक खाली काढत होता आणि 'ऑप्शन' शोधून खोडत होता. फक्त तो एक शब्द. अर्थ, तारे, व्याख्या, सगळं ठेवत होता. चार दिवस चाललं. शुक्रवारी वीज गेली तेव्हा कारागीर पायऱ्यांवर येऊन बसले. वाचन झालं नाही. नुसतं घासणं. रबराची भुकटी त्यांच्या मांडीवर, सदऱ्यावर, उशीवर, दारापर्यंत पसरली होती, आणि उन्हाच्या पट्ट्यात उडत होती. मला भूगोलातला तो बर्फ आठवला. कारागिरांपैकी एकजण उठला आणि आपला निळा गमछा घेऊन त्यांची पाठ झटकू लागला.

"दादा," मी म्हटलं, "पुरे आता. तुम्हाला काय माहीत होतं?"

"तेच तर," ते म्हणाले. "मला वाटे, पुस्तकात त्यांची विद्या येते. मागोमाग त्यांची निश्चिंतीही येते, हे मला ठाऊक नव्हते. ती गरिबाला पचत नाही."

प्रश्न आता एका वर्षाचा होता. पुन्हा परीक्षा द्यायची तर वर्ष घरी बसायचं. खुशीसारख्यांच्यात त्याला ड्रॉप घेणं म्हणतात. नामदेवांच्या घरात त्याला बसून खाणं म्हणत होते. बदलापूरला बेलवलीत एका कपड्यांच्या दुकानात चित्रासाठी जागा बघून ठेवली होती, पहिल्या तारखेपासून. ती तिथे गेली की परत अभ्यासाला येणार नाही, हे ती जाणत होती आणि दादाही.

रविवारी शेठ तिथे असतात, म्हणून एका मंगळवारी दादा म्हणाले, "भगिनी, मला वांगणीस जावयाचे आहे. आपण सोबत याल? मुलीच्या घरी पुरुषाने एकट्याने जाणे बरे दिसत नाही." मी दुकान बंद केलं.

फार्महाऊसवर शेठचे कुणी नव्हते. मोठं फाटक, आत पेरू आणि चिकूची झाडं, मधे पोहण्याचा तलाव, पाणी काढून टाकलेला. निळ्या फरशीवर पानं पडली होती आणि एक बगळा तळाशी उभा होता, पाणी येईल म्हणून वाट बघत असल्यासारखा. सगळीकडे इतकं शांत की आपण कुणाच्या तरी झोपेत शिरलोय असं वाटावं. नामदेव हातात पाइप घेऊन आले. बनियन, खाकी हाफपँट, पांढऱ्या मिशा.

दादा त्यांच्यापुढे हात जोडून उभे राहिले. "महोदय, आपल्या कन्येच्या अपयशाचे कारण मी आहे. चुकीच्या खुणा असलेले पुस्तक मी दिले. शिक्षा तिला होऊ नये."

नामदेव माझ्याकडे बघायला लागले. "काय बोलतात हे? माझ्या डोस्क्यात अर्धं जात नाय."

मी साध्या भाषेत सांगितलं. सहा धडे, खुशीची खूण, सगळं. नामदेव ऐकत राहिले. पाइपातलं पाणी त्यांच्या पायावर वाहत होतं, लक्ष नव्हतं.

"म्हंजी शेठच्या पोरीनं लिवलं म्हून हिनं सोडलं."

"हो."

"आन ती तरी पास."

"हो."

त्यांनी नळ बंद केला. मागे खोलीच्या दारात चित्रा आणि तिची आई उभ्या होत्या. "पोरगी हुशार हाय, ती मला म्हाईत हाय," ते म्हणाले. "पन वरीसभर घरात बसली तर लोक इचारतील. आनि खायला पन लागतं, दादा."

"घरी बसणार नाही," दादा म्हणाले. "माझ्या दुकानी बसेल. मला अलीकडे बारीक अक्षर दिसत नाही. तिने पुस्तके लावावीत, पगार घ्यावा, उरलेल्या वेळी अभ्यास करावा. एका वाक्यात उत्तर द्या."

नामदेवांच्या मिशा हलल्या. बहुतेक हसले. "एक वाक्य कशाला," ते म्हणाले. "घ्या घेऊन."

ते वर्ष मी भिंतीपलीकडून ऐकलं. सकाळी दहाला चित्रा यायची, झाडायची, गठ्ठे लावायची. दुपारी ती वाचायची आणि दादा ऐकायचे. त्यांनी केमिस्ट्री कधी वाचली नव्हती. मधेच थांबवून विचारायचे, आणि तिला समजावून सांगावं लागायचं, छापल्यासारख्या मराठीत, कारण त्यांना तेच कळायचं. सहा सोडलेल्या धड्यांवरचं 'ऑप्शन' त्यांनी आधी खोडलं आणि मग ते धडे तिच्याकडून तीन-तीन वेळा ऐकले. कधी चिडून ती म्हणायची, "दादा, तुम्हाला परीक्षा द्यायचीय का मला?" ते म्हणायचे, "योग्य पर्याय निवडा." शुक्रवारी कारागिरांना भूगोलाऐवजी केमिस्ट्री मिळू लागली. त्यांची काही तक्रार नव्हती.

त्या उन्हाळ्यात तिने परत परीक्षा दिली आणि तिला सरकारी कॉलेजात सीट मिळाली. मी पेढे खाल्ले. पण वर्ष गेलं ते गेलं, हेही इथे लिहिते. एकाच फाटकातून ये-जा करणाऱ्या, त्याच पुस्तकांवर शिकलेल्या दोन मुली. तेच सहा धडे दोघींनी सोडले. एकीचं काहीच बिघडलं नाही.

दिवाळीच्या आधी कांता वडिलांना इंदूरला न्यायला आली. दृष्टी फारच कमी झाली होती. निघायच्या आदल्या दुपारी चित्रा कॉलेजातून तिन्ही पुस्तकं परत द्यायला आली, पुढच्या मुलासाठी, आणि घाईने गाडी पकडायला गेली. मी चहा घेऊन गेले तर दादा दारातल्या उशीवर बसले होते. केमिस्ट्रीचं पुस्तक उलटं करून मांडीवर. डोळे मिटलेले. अंगठा त्या मागच्या पानावर फिरत होता, जिथे नाव होतं तिथे, परत परत, पेनाने उमटलेला खोलगटपणा चाचपत. गल्लीत सगळी मशीनं चालू होती. त्यांना ती ऐकू येत नसावीत. मी चहा शेजारी ठेवला. तो त्यांनी घेतला नाही. दुसऱ्या दिवशी मी दुकानात पोचायच्या आधी ते इंदूरला निघून गेले होते. सोळा वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा शटर बंद दाखवलं.

तर सोमवारी मी गाळा उपसला. जी पुस्तकं अभ्यासक्रमातून गेली ती पोत्यात, चालू ती बाजूला. धूळ नाकातोंडात. सिंधी पुस्तक उशीखाली नव्हतं, ते त्यांनी नेलं होतं. खास फळीवर चित्राची तीन सापडली. मी केमिस्ट्री उघडलं, मग बायोलॉजी. जिथे 'ऑप्शन' खोडलं होतं तिथे कागद पातळ झाला होता, उजेड आरपार जात होता. त्या पातळ जागेशेजारी सहाही धड्यांवर चित्राच्या अक्षरात लिहिलं होतं, 'हा सोडू नका.' एवढंच. बहुवचनी, दादांच्या भाषेत. संध्याकाळी सहाला किल्ली दिली. रद्दीवाला तीन पोती घेऊन गेला. बाकी पुस्तकं माझ्या दुकानात आणली आणि जागा नव्हती म्हणून लॅमिनेशनचं मशीन टेबलाखाली सरकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धा तास लवकर शटर उघडलं. पहिली आली ती एक मुलगी, उत्पन्नाच्या दाखल्याच्या दहा प्रती काढायला. प्रती निघेपर्यंत ती काउंटरवरचं केमिस्ट्री चाळत होती. चाळता चाळता वाचायला लागली. मी काउंटरवरून वाकून खाली बघितलं. चपलेचा अंगठा सुईदोऱ्याने शिवलेला होता.

"काकू, याची झेरॉक्स काढून द्या ना. पूर्ण."

"नाही मिळणार."

"झेरॉक्सचंच दुकान आहे ना हे?"

"पुस्तक मिळेल. नाव लिहायचं त्यात."

तिने पहिलं पान उघडलं. मी पुस्तक तिच्या हातातून घेतलं, उलटं केलं, तिच्यासमोर ठेवलं आणि पेन दिलं.

"काकू, हे तर शेवटचं पान आहे."

"इकडून पहिलंच आहे," मी म्हटलं. "चित्राच्या खाली लिही. सरळ रेघेत."